पाचोळा फाटकाबाहेर काढण्याआधी

नमस्कार,

माघ लागला की आमचा फोन वाजायला लागतो. "पिंपळाने अख्खं अंगण भरलंय, दोन माणसं पाठवा आणि सगळं घेऊन जा." झाडायला माणसं नक्की येतील. घेऊन जाण्याबद्दल मात्र आधी थोडं बोलायचं आहे, म्हणून हे पत्रक.

पुण्यात साधारण जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत पानगळ चालते. पिंपळ, कडुनिंब, देशी बदाम, पर्जन्यवृक्ष ही मंडळी एकामागून एक रिकामी होतात. आंबा आणि फणस वर्षभर थोडं थोडं टाकत राहतात. पान सोडण्याआधी झाड त्यातलं बरंचसं नत्र (नायट्रोजन) परत ओढून घेतं. मागे राहतो तो मुख्यतः कर्ब (कार्बन), आणि कॅल्शियमसारखी काही द्रव्यं. नुसता वाळका पाचोळा महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो तो या नत्राच्या कमतरतेमुळे. त्याला थोडं शेण किंवा हिरवं गवत मिळालं आणि ओल टिकली, की त्याचं उत्तम खत होतं. हा माल तुम्ही गाडीत भरून पाठवायचा आणि जूनमध्ये पैसे मोजून खताची पोती आणायची, हे आम्हाला पटत नाही.

पाचोळा पेटवू तर अजिबात नका. थंडीत सकाळची हवा जड असते, धूर वर न जाता घराघरांत शिरतो आणि दम्याच्या माणसाचा दिवस खराब करतो. शिवाय राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली. साध्या प्रकाराला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. आमचा कोणीही माणूस तुमच्या सांगण्यावरूनसुद्धा ढीग पेटवणार नाही.

आम्ही सुचवतो ती सोय साधी आहे. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीचं तीन फूट रुंद, तीन फूट उंच कडं करायचं आणि सावलीत, मातीवर उभं करायचं. फरशीवर नको, आणि घराच्या भिंतीला किंवा लाकडी दाराला खेटून तर नकोच, वाळवी लागते. फूटभर पाचोळा झाला की त्यावर शेणकाल्याची, म्हणजे पाण्यात कालवलेल्या शेणाची, एक बादली, पुन्हा पाचोळा, असे थर द्यायचे. शेण मिळत नसेल तर हिरवळ कापल्यावर निघालेलं ताजं गवत चालतं. वरून ओलं गोणपाट.

सगळी मेख पाण्यात आहे. पुण्याच्या मार्च-एप्रिलमध्ये ढीग आतून कोरडा पडतो आणि लोक म्हणतात, "काही होतच नाही." हात कोपरापर्यंत आत घाला, मूठभर पाचोळा काढा आणि घट्ट पिळा. बोटांतून एक-दोन थेंब आले तर ठीक. तळहात कोरडाच राहिला तर पाणी द्या. धार लागली तर कोरडी पानं मिसळा. आत मुंग्यांनी घर केलं असेल तर ढीग सुकलाय, कुबट वास आला तर ओल जास्त झाली आहे. दर तीन आठवड्यांनी वरखाली केलंत तर फेब्रुवारीतला ढीग श्रावणापर्यंत वापरण्याजोगा होतो. नाही जमलं तर दिवाळी धरून चाला. ढीग खचून पाव-तिजाई उरतो, पण तळाशी काळं, भुसभुशीत, पावसाळी मातीच्या वासाचं खत असतं. त्यात पिंपळाच्या पानाची एखादी नाजूक जाळी शिल्लक सापडते, लहानपणी पुस्तकात ठेवायचो तशी.

पर्जन्यवृक्षाची बारीक पानं सर्वांत लवकर कुजतात. आंबा, फणस आणि बदामाची जाड पानं आधी पायाखाली चुरडून घ्या. पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) लागलेल्या फांद्यांची पानं मात्र वेगळी ठेवा, ती कड्यात नकोत.

कडं नको असेल तर निदान आच्छादन करा. कुंडीत दोन इंच, वाफ्यात तीन-चार इंच पाचोळा पसरला की उन्हाळ्यात माती लवकर सुकत नाही. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा. पाऊस सुरू होण्याआधी कुंड्यांतला थर विरळ करा, त्याखाली गोगलगायी लपतात. मोठ्या झाडांखालची माती खराट्याने खरवडून लख्ख करायचा आग्रहही सोडा, ही आमची मनापासून विनंती. तिथला पाचोळा त्या झाडाचाच आहे.

फरशी, वाट, गच्चीचे पन्हळ आणि पावसाळी जाळ्या मात्र आम्ही पूर्ण साफ करू. मेअखेरीस पन्हळात पानं अडकून राहिली तर पहिल्याच मोठ्या पावसात गच्ची तुंबते.

कडं बसवायचं असेल तर झाडलोटीची वेळ ठरवतानाच सांगा, म्हणजे माणसं जाळी आणि शेण सोबत आणतील. जाळीचे पैसे एकदाच, पहिला थर आम्ही लावून देऊ. जागाच नसेल तर पाचोळा ओल्या कचऱ्यात न मिसळता वेगळ्या पोत्यांत भरून ठेवा. ज्या ग्राहकांच्या कड्यात जागा आहे, त्यांच्याकडे तो आम्ही पोचवू.