ट्रेकी

ट्रेकी म्हणजे 'स्टार ट्रेक' या अमेरिकन विज्ञानकथा मालिकेचा चाहता. पण नुसता आवडीने बघणारा नव्हे, तर एपिसोड संपला तरी त्या जगातून बाहेर न पडणारा, म्हणजे त्यातला गणवेश शिवून घेणारा, त्यातली भाषा शिकणारा, त्या पात्रांच्या पुढच्या गोष्टी स्वतः लिहिणारा आणि कित्येकदा कॉलेजात काय शिकायचं हेसुद्धा त्या मालिकेवरून ठरवणारा. काही चाहत्यांना ट्रेकी हा शब्द हिणवल्यासारखा वाटतो म्हणून ते स्वतःला 'ट्रेकर' म्हणवून घेतात आणि यावर त्यांच्यात वर्षानुवर्षं वाद चाललेत, पण आपल्याकडे ट्रेकर म्हटलं की पाठीला सॅक लावून राजगड चढणारा माणूसच डोळ्यासमोर येतो, त्यामुळे मराठीत ट्रेकीच बरा.

मूळ मालिका एनबीसी या चॅनलवर ८ सप्टेंबर १९६६ ला सुरू झाली, तिचा कर्ता जीन रॉडनबेरी. गोष्ट तेविसाव्या शतकातली, एंटरप्राइझ नावाचं अंतराळयान आणि त्यावरची माणसं. आता या मालिकेचा लोकांवर एवढा परिणाम का झाला हे समजायचं असेल तर त्या यानाचा ब्रिज बघायला हवा, म्हणजे जिथून यान चालवतात ती गोल खोली. मधे कॅप्टन कर्क, संदेशांच्या टेबलावर उहुरा ही आफ्रिकन वंशाची बाई, यान हाकायला सुलू हा आशियाई वंशाचा, दुसऱ्या सीझनपासून त्याच्या शेजारी चेकॉव्ह हा रशियन, इंजिनं सांभाळणारा स्कॉटी, आणि अर्धा माणूस अर्धा व्हल्कन, म्हणजे व्हल्कन या परग्रहावरचा, असा टोकदार कानांचा स्पॉक. तेव्हा अमेरिकेत काळ्यांच्या हक्कांचा लढा पेटलेला, व्हिएतनामचं युद्ध चालू, रशियाशी शीतयुद्ध, आणि इथे हे सगळे एकाच खोलीत आपापल्या खुर्चीवर बसून काम करतायत, कुणाला त्यात काही विशेष वाटतच नाहीये. बघणाऱ्याला वाटलं की तिथे आपलीही एक खुर्ची असू शकते. माझ्या मते ट्रेकींच्या आयुष्यात पुढे जे काही घडलं त्याचं मूळ या खुर्चीत आहे, लेझर पिस्तुलं आणि यानं ही नंतरची गोष्ट.

टीआरपीच्या हिशोबात मालिका पडेलच होती. दुसऱ्या सीझनमधे ती बंद होणार अशी बातमी फुटली तेव्हा बीजो ट्रिंबल आणि तिचा नवरा जॉन यांनी पत्रमोहीम काढली, नियम साधा, प्रत्येकाने पत्र लिहायचं आणि अजून दहा जणांना लिहायला लावायचं. इंटरनेट नाही, लांबचा फोन महाग, सगळं टाइपरायटर, सायक्लोस्टाईल आणि पोस्टाच्या तिकिटांवर. जानेवारी १९६८ मधे कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाचे विद्यार्थी मशाली घेऊन लॉस एंजेलिसजवळच्या बरबँकला एनबीसीच्या ऑफिसवर चालत गेले. पत्रांचा ढीग एवढा झाला की १ मार्च १९६८ ला एपिसोड संपल्यावर चॅनलने जाहीर करून टाकलं की मालिका चालू राहणार आहे, कृपया आता पत्रं पाठवू नका. तिसरा सीझन आला खरा पण त्याला शुक्रवारी रात्री दहाची वेळ दिली, तरुण पोरं तेव्हा घरात कुठली असायला, आणि ३ जून १९६९ ला ७९ एपिसोडवर गाशा गुंडाळला.

तरी तो तिसरा सीझन मिळाला म्हणून पुढचं सगळं झालं, कारण रोज दाखवता येतील इतके एपिसोड हातात आले आणि १९७० च्या दशकात गावोगावच्या लोकल स्टेशनांनी ते संध्याकाळी परत परत लावले. शाळेतून आलेली मुलं तेच तेच एपिसोड पाठ होईपर्यंत बघायची, खरे ट्रेकी या रिपीट टेलिकास्टमधून तयार झाले. जानेवारी १९७२ मधे न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात चाहत्यांचा पहिला मोठा मेळावा भरला, भरवणाऱ्यांना काही शे लोक येतील असं वाटलं होतं, आले ३००० च्या वर.

बायकांचा यातला वाटा फार मोठा आहे आणि तो नीट सांगितला जात नाही. 'स्पॉकनालिया' हे पहिलं चाहता-मासिक १९६७ मधे निघालं ते दोन बायकांनीच काढलं, आणि पुढे घरी टाइप करून, स्टेपल मारून, पोस्टाने वाटलेल्या अशा मासिकांमधे कर्क-स्पॉकच्या शेकडो नव्या गोष्टी लिहिल्या त्या बहुतेक बायकांनीच. आज नेटवर जे फॅन फिक्शन वाचतात त्याच्या कितीतरी रीती या मासिकांत घडल्या. लिहायची सवय नसलेल्या बाईला तिथे वाचक मिळाला, संपादक मिळाली आणि दुसऱ्या गावातली जन्माची मैत्रीण मिळाली.

करिअरवर झालेला परिणाम हा सगळ्यात ठळक. उहुरा करणारी निशेल निकल्स पहिल्या सीझननंतर नाटकाकडे परत जाण्यासाठी मालिका सोडणार होती, तेवढ्यात एका कार्यक्रमात तिला मार्टिन ल्यूथर किंग भेटले आणि म्हणाले मी तुमचा चाहता आहे, तुम्ही सोडू नका. ती राहिली. पुढे १९७७ मधे नासाने तिलाच बायका आणि गोरेतर उमेदवारांनी अर्ज करावेत म्हणून देशभर फिरवलं, आणि १९७८ मधे निवडलेल्या ३५ जणांच्या तुकडीत पहिल्यांदाच सहा बायका होत्या, पुढे अंतराळात गेलेली पहिली अमेरिकन स्त्री सॅली राइड त्यातलीच. मे जेमिसन लहानपणी शिकागोत उहुराला बघत मोठी झाली, डॉक्टर झाली आणि सप्टेंबर १९९२ मधे अंतराळात जाणारी पहिली आफ्रिकन-अमेरिकन स्त्री ठरली, तिथे ती रोजची ड्यूटी सुरू करताना उहुराचं वाक्य म्हणायची, की संपर्काच्या लहरी खुल्या आहेत. पुढच्या वर्षी ती मालिकेच्या नव्या अवताराच्या एका एपिसोडमधे छोट्या भूमिकेत आलीसुद्धा. अभिनेत्री हूपी गोल्डबर्गची गोष्टही हीच, लहानपणी उहुराला बघून ती ओरडत सगळ्या घराला सांगत सुटली की टीव्हीवर काळी बाई आहे आणि ती मोलकरीण नाहीये, आणि मोठी स्टार झाल्यावर तिने स्वतःहून त्या नव्या मालिकेत काम मागून घेतलं.

स्कॉटी करणारा जेम्स डूहान इंजिनियर नव्हता, नट होता, पण स्कॉटीला बघून इंजिनियर झालेल्यांची संख्या एवढी की मिलवॉकी स्कूल ऑफ इंजिनियरिंगने त्याला मानद पदवी दिली. त्याने सांगितलेली एक गोष्ट मात्र पदवीपेक्षा मोठी आहे. एका मुलीचं पत्र आलं, त्यात ती जीव द्यायच्या विचारात आहे असं होतं. त्याने तिला फोन केला, मी अमुक शहरात मेळाव्याला येतोय, मला तुला तिथे बघायचंय असं सांगितलं. ती आली. मग दोन आठवड्यांनी दुसऱ्या गावाला, मग तिसऱ्या, असं करत करत ती कितीतरी मेळाव्यांना येत राहिली, दर वेळी तो तिच्याशी नीट बोलायचा, मग अचानक तिचा पत्ता नाही. आठेक वर्षांनी पत्र आलं की मी इलेक्ट्रॉनिक इंजिनियरिंगमधे मास्टर्स केलं, तुमचे आभार. हे कॅमेऱ्यासमोर सांगताना डूहानच्या डोळ्यात पाणी येतं आणि बघणाऱ्याच्याही.

स्पॉकचा धागा वेगळा, तो दोन्हीकडचा आणि म्हणून कुठलाच नसलेल्यांचा आहे. १९६८ मधे एका मुलीने किशोरवयीनांच्या मासिकात स्पॉकला पत्र लिहिलं, आई काळी वडील गोरे, मला कुणीच आपलं मानत नाही, आणि स्पॉक करणाऱ्या लेनर्ड निमॉयने त्याला लांबलचक उत्तर दिलं, की स्पॉकलाही हे सोसावं लागलं पण लोकप्रिय होणं आणि खरंच मोठं होणं यात फरक असतो हे त्याला कळलं. स्पॉकची ती प्रसिद्ध सलामीची हाताची खूणही निमॉयचीच. बॉस्टनच्या सिनेगॉगमधे लहानपणी आशीर्वादाच्या वेळी डोळे झाकायचे असताना त्याने चोरून बघितलेला धर्मगुरूंचा हात तो. करंगळी-अनामिका एकत्र, मधलं बोट-तर्जनी एकत्र, मधे फट आणि अंगठा बाहेर. सोबतचं 'लिव्ह लाँग अँड प्रॉस्पर' हे वाक्य आपल्या 'औक्षवंत हो' च्या अगदी जवळचं. बऱ्याच जणांची बोटं पटकन तशी उघडत नाहीत, दुसऱ्या हाताने धरून फाकवावी लागतात, ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका लागायची तेव्हा आमच्या वर्गात सोमवारी निम्मी पोरं बाकाखाली हेच करत बसलेली असायची.

आपल्याशी थेट नातं सांगायचं तर पर्सिस खंबाटा. मुंबईची पारशी मुलगी, १९६५ ची मिस इंडिया, हिने १९७९ च्या पहिल्या स्टार ट्रेक चित्रपटात इलियाची भूमिका केली आणि त्यासाठी डोक्यावरचे सगळे केस भादरून घेतले. ट्रेकींच्या जगात तिचं नाव आजही आदराने घेतात, मुंबईत मात्र किती जणांना आठवते कुणास ठाऊक, याचं वाईट वाटतं.

तंत्रज्ञानाबद्दल जरा सांभाळून बोलावं लागतं. मोबाईलचा जनक मार्टिन कूपरला कल्पना मालिकेतल्या कम्युनिकेटरवरून, म्हणजे हातात धरून बोलायच्या छोट्या यंत्रावरून सुचली असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण त्याने स्वतः नंतर सांगितलं की खरी प्रेरणा एका जुन्या कॉमिकमधला मनगटावरचा रेडिओ होता. मालिकेतल्या आजार ओळखणाऱ्या ट्रायकॉर्डर या हातातल्या यंत्राचं मात्र खरं, तसं यंत्र बनवा म्हणून १ कोटी डॉलरची स्पर्धाच लावली होती आणि २०१७ मधे तिची बक्षिसं दिली गेली.

मालिकेतल्या क्लिंगॉन या परग्रहवासी लढवय्या जमातीची भाषा मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने बांधली, शब्दकोश १९८५ चा. तिच्यात आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता. इंग्रजीवाल्यांना हे भयंकर उलटं वाटतं, आपण 'आंबा खातो मी' सहज म्हणून जातो त्यामुळे मराठी माणसाला ती तितकी परकी वाटू नये. तिच्यात हॅम्लेट आहे, ऑपेरा आहे, आणि एका बापाने तर मुलाशी पहिली तीनेक वर्षं क्लिंगॉनमधेच बोलून बघितलं.

चेष्टा पुष्कळ झाली. १९८६ मधे खुद्द कर्क करणाऱ्या विल्यम शॅटनरने एका विनोदी कार्यक्रमात मेळाव्यातल्या चाहत्यांना जरा आयुष्य जगा असं सुनावल्याचा प्रवेश केला, तो कित्येकांना लागला. १९९६ मधे अर्कान्सातल्या एका गाजलेल्या खटल्यात ज्युरीतली एक बाई रोज स्टारफ्लीटच्या, म्हणजे मालिकेतल्या अंतराळदलाच्या गणवेशात यायची, माझा या मालिकेतल्या मूल्यांवर विश्वास आहे म्हणायची. तिला काढलं ते गणवेशामुळे नव्हे, पत्रकारांशी बोलल्यामुळे, पण लोकांच्या लक्षात गणवेशच राहिला.

चाहत्यांच्या पत्रांमुळे नासाच्या पहिल्या शटलचं, म्हणजे अंतराळात जाऊन परत येणाऱ्या यानाचं ठरलेलं 'कॉन्स्टिट्यूशन' हे नाव बदलून १९७६ मधे 'एंटरप्राइझ' ठेवलं गेलं, ते हवेत चाचणीपुरतंच उडालं, अंतराळात कधी गेलं नाही. माणसं गेली. जानेवारी २०२४ मधे 'व्हल्कन' नावाच्या रॉकेटमधून रॉडनबेरी, डूहान, निकल्स, डॉक्टर मॅकॉय करणारा डीफॉरेस्ट केली यांच्या अस्थींचा किंवा डीएनएचा अंश सूर्याभोवती फिरायला पाठवला, आणि त्याच यानात, शेजारशेजारच्या छोट्या कुप्यांमधे, इतर कितीतरी साध्या माणसांच्याही अस्थी होत्या.