‘डेथ’ कार्ड निघालं म्हणजे मरण नव्हे

कोथरूडच्या एका मावशींना टॅरो वाचनात, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून भविष्य बघताना, ‘डेथ’ (मृत्यू) कार्ड आलं आणि त्या आठवडाभर झोपल्या नाहीत, कारण यजमान दवाखान्यात होते. हे कार्ड म्हणजे घरात मृत्यू, हा समज फार जुना आणि साफ चुकीचा आहे.

त्यात कार्डाचा क्रमांक 13. मराठी कानाला लगेच ‘तेरावं’ ऐकू येतं. पण तेराव्याला आपण काय करतो? गोडाचं जेवण करून दुखवटा संपवतो, घर पुन्हा चालू लागतं. कार्डाचा अर्थ याच्या फार जवळचा आहे: एक पर्व संपलं, आता पुढे.

चित्र नीट पाहा. आज सर्वाधिक वापरला जाणारा संच 1909 साली निघाला. चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. पांढऱ्या घोड्यावर चिलखत घातलेला सांगाडा आहे, त्याच्या काळ्या निशाणावर पांढरा गुलाब आहे. राजा आडवा पडलाय, पण लहान मूल गुडघ्यावर बसून त्या स्वाराकडे बघतंय. मागे दोन बुरुजांमध्ये सूर्य. माझं लक्ष दर वेळी त्या मुलाकडेच जातं. नोकरी सुटणं, पेठेतला वाडा सोडून फ्लॅटमध्ये जाणं, मोडलेलं लग्न मान्य करणं, असे प्रश्न इथे वाचायचे असतात.

मुळात टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळायचे पत्ते म्हणून सुरू झाला. आजारपणाचं निदान डॉक्टरांनी करायचं. हे कार्ड दाखवून शांतीसाठी पैसे मागणाऱ्याकडून मात्र सरळ उठून यावं.