रक्ताच्या रिपोर्टवरून नैराश्याची गोळी ठरते का?

"रक्तातलं सेरोटोनिन मोजा, नैराश्यावर कोणती गोळी लागू पडेल ते लगेच कळेल" हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. घरातलं माणूस खचलेलं असताना अशा वाक्याचा आधार वाटणारच. पण तसं कळत नाही.

सेरोटोनिन हे मनःस्थितीशी जोडलं जाणारं रसायन. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत तयार होतं. रक्तात ते मुख्यतः प्लेटलेट्समध्ये साठतं आणि तिथून मेंदूत शिरत नाही. मेंदू स्वतःचं वेगळं बनवतो. म्हणून दंडातून काढलेल्या रक्तातला आकडा मेंदूबद्दल फारसं सांगत नाही.

ट्रिप्टोफॅन (ज्यापासून सेरोटोनिन बनतं), किन्युरेनिन (ट्रिप्टोफॅनपासूनच बनणारा दुसरा पदार्थ), सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारं प्रथिन) या रक्तातल्या घटकांवर संशोधन चालू आहे आणि ते मोलाचं आहे. मात्र दिसलेले फरक गटांच्या सरासरीतले आहेत. गोळी लागू पडलेल्यांचे आणि न पडलेल्यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात, की त्यावरून एका माणसाचं भाकीत करता येत नाही. तपासणी सुचवली गेली तर एवढंच विचारा: आकडा कमी किंवा जास्त आला, तर औषध बदलणार का?

थायरॉइड, बी१२, हिमोग्लोबिन मात्र जरूर तपासा. त्यांतल्या बिघाडानंही थकवा, उदासी येते.

गोळीचा गुण साधारण ४ ते ६ आठवड्यांत दिसतो. पीएचक्यू-९ या नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या ९ प्रश्नांच्या प्रश्नावलीत ० ते २७ गुण असतात; गुण जास्त, तर त्रास जास्त. ती सुरुवातीला आणि प्रत्येक भेटीला भरा. गुण निम्म्यावर आले, तर औषध लागू पडतंय असं डॉक्टर मानतात.