नेट स्लो झालं? राउटर रिसेट करू नका, आधी डेटा बघा

आमच्या इंटरनेट कनेक्शनच्या ऑफिसला येणाऱ्या फोनमधलं एक वाक्य आम्हाला पाठ झालंय : "व्हॉट्सअ‍ॅप चालतंय, पण टीव्हीवर नुसतं गोल गोल फिरतंय." अशा वेळी बहुतेकदा लाइनमध्ये काहीच बिघाड नसतो. प्लॅनमधला 1000 जीबी डेटा संपलेला असतो आणि स्पीड 50 एमबीपीएसवरून 2 वर आलेला असतो. तेवढ्या स्पीडवर मेसेज जातात, यूपीआय होतं, बँकेचं काम होतं. एचडी पिक्चर मात्र चालत नाही. पुढच्या रिचार्जच्या तारखेला स्पीड आपोआप पूर्ववत होतो. ही तारीख प्रत्येकाची वेगळी असते, सगळ्यांची महिन्याची 1 तारीख नसते.

खरा घोळ होतो तो पुढे. आम्हाला फोन करायच्या आधीच घरातलं कोणीतरी राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दाबून धरतं. बटणाने बंद करून पुन्हा चालू केलं तर काही बिघडत नाही, ते खुशाल करा. पण टाचणीने रिसेट केलं की युजर आयडी, पासवर्ड, वायफायचं नाव, सगळं पुसलं जातं. हळू का होईना, चालू असलेलं नेट पूर्ण बंद पडतं. मग आमचा लाइनवरचा मुलगा लॅपटॉप घेऊन घरी येणार, सेटिंग करणार आणि एवढं करूनही स्पीड 2 च दिसणार, कारण डेटा संपलेलाच आहे. आमची लाइनवर दोनच मुलं आहेत. त्यातला एक सोनगीरवाडीत तुटलेली फायबर जोडत असेल, तर तुम्हाला संध्याकाळपर्यंत ताटकळावं लागतं. तुमची ओढाताण होते ती आम्हालाही बघवत नाही.

म्हणून आधी बॉक्सवरचे दिवे बघा. एलओएस (LOS) लिहिलेला लाल दिवा लागला असेल तर फायबरचा प्रश्न आहे. लगेच फोन करा. लाल दिवा नसेल तर राउटरजवळ उभं राहून मोबाइलवर दोन-तीनदा स्पीड टेस्ट करा. दरवेळी 2 च्या आसपासच आकडा आला, तर डेटा संपला असं समजा. 50, 90 आणि 100 टक्के वापर झाला की आम्ही एसएमएस पाठवतो. पण कनेक्शन असतं आजोबांच्या नावावर, एसएमएस जातो त्यांच्या मोबाइलवर, आणि तो कोणी उघडलेलाच नसतो. तुमचा नंबर बदलून घ्या, एका फोनचं काम आहे.

"एवढा डेटा आम्ही वापरलाच नाही," असं अनेक जण म्हणतात, आणि ते मनापासून म्हणत असतात. डाउनलोडसारखाच अपलोडही मोजला जातो, हे लक्षात येत नाही. गंगापुरीतल्या एका घरी दर महिन्याला विसाव्या-बाविसाव्या दिवशीच डेटा संपायचा. घरात दोन माणसं, टीव्हीही फारसा चालत नाही. शेवटी जिन्यात आणि गेटवर लावलेले दोन कॅमेरे सापडले, दोन्ही चोवीस तास क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात, रेकॉर्डिंग पाठवत होते. 2 एमबीपीएसने सतत पाठवणारा एक कॅमेरा दिवसाला 21.6 जीबी खातो, म्हणजे महिन्याला 648. दोघांचे झाले 1296! आम्ही रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर वळवून दिलं. आता मोबाइलवर बघतील तेवढाच डेटा जातो. त्यांना आम्ही अनलिमिटेड विकू शकलो असतो, पण गरजच नव्हती.

सगळ्यांनाच अनलिमिटेड का देत नाही, हेही विचारलं जातं. आमच्या मशीनच्या एका पोर्टवर, म्हणजे एका जोडणीवर, सुमारे 2.5 जीबीपीएस (2500 एमबीपीएस) डाउनलोड आणि त्याच्या निम्मं अपलोड मिळतं, आणि ते आम्ही 32 घरांत वाटतो. वरून येणारी बँडविड्थही आम्हाला दरमहा विकत घ्यावी लागते. मर्यादाच काढून टाकली तर सगळ्यांचे दर वाढवावे लागतील. रात्री नातवाला व्हिडिओ कॉल करणाऱ्या आजींनी चार कॅमेऱ्यांच्या घराचा भार का उचलावा? एचडी पिक्चरला तासाला साधारण 3 जीबी लागतात. त्या हिशेबाने 1000 जीबीत रोज अकरा तास टीव्ही चालतो. बहुतेक घरांना हे पुरून उरतं.

ज्यांना खरंच पुरत नाही, त्यांनी मात्र दर महिन्याला मनस्ताप करून घेऊ नये. घरून काम करणारे दोघं-तिघं, मोठमोठे गेम उतरवणारी मुलं, पाहुण्यांना वायफाय देणारे पाचगणी रस्त्यावरचे होमस्टे, यांना अनलिमिटेडच परवडतं. प्लॅनवर महिना 250 रुपये जादा, 18 टक्के जीएसटी धरून 295. मे महिन्यात पुण्याहून भाचरं आली म्हणून एकदाच कमी पडलं, तर 500 जीबीचा टॉप-अप जीएसटीसह 118 रुपयांना आहे आणि तो रिचार्जच्या तारखेपर्यंत चालतो. पण दर महिन्याला दोन टॉप-अप लागत असतील, तर थोडे पैसे वर घालून अनलिमिटेड घ्या. ते घ्यायच्या आधी मागच्या तीन महिन्यांचा वापर आमच्याकडून काढून घ्या, त्याचे पैसे लागत नाहीत.

यापुढे आमचा मुलगा घरी आला की रिसेटच्या भोकावर पिवळी चिकटपट्टी लावून जाईल. ती कृपया काढू नका.