दोरी सोडल्यानंतर

सोलापूरच्या आसपासच्या गावांतून सर्पदंशाचा रुग्ण दवाखान्यात आणला जातो, तेव्हा पुष्कळदा दंशाच्या वरच्या बाजूला सुंभ, टॉवेलची फाडलेली पट्टी किंवा वायरचा तुकडा करकचून बांधलेला असतो. असा एक पाय मी जवळून पाहिला आहे. घोट्याच्या वर दोरी कातडीत रुतून खोल खाच पडली होती आणि खालचे पाऊल थंडगार, काळेनिळे झाले होते. डॉक्टरांनी सलाइन लावले, सर्पविषावरची लस हाताशी ठेवली आणि मगच दोरी थोडी थोडी सैल केली. नखांखाली लाली परत आली. पण तासाभरात पोटरी टम्म फुगली आणि तिची कातडी ताणून चकाकू लागली. "सोडल्यावर जास्तच सुजलं की ओ," असे रुग्णाची आई घाबरून म्हणाली.

त्या सुजेत विषाचा वाटा होताच. परंतु आईचे निरीक्षणही खरे होते. रक्तपुरवठा तुटल्याने ऊतींना जी इजा होते, तिच्याहून वेगळी अशी दुसरी इजा तो पुरवठा पूर्ववत होताना होते. डॉक्टर तिला रिपरफ्यूजन इंज्युरी म्हणतात. आपण तिला पुनर्प्रवाह-इजा म्हणू.

रक्त थांबले की पेशी लगेच मरत नाही. मेंदूच्या पेशींना जेमतेम काही मिनिटे मिळतात, हृदयाच्या स्नायूला सुमारे वीस मिनिटे, तर हातापायांच्या स्नायूंना चार ते सहा तास. या अवधीत पेशी प्राणवायूवाचून साखर जाळते, त्यामुळे लॅक्टिक आम्ल साठते. ऊर्जा पुरवणारे एटीपी आटते, सोडियम बाहेर फेकणारे पंप मंदावतात आणि तंतुकणिकांमध्ये, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या सूक्ष्म घटकांमध्ये (मायटोकॉन्ड्रिया), सक्सिनेट नावाचा पदार्थ साचत जातो. येथे एक गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे: हे साचलेले आम्ल पेशीला त्रासदायक असले, तरी तंतुकणिकांच्या आवरणातील एक घातक छिद्र तेच बंद ठेवत असते.

आता रक्त परत येते. साचलेले सक्सिनेट प्राणवायू मिळताच भराभर जळू लागते, इलेक्ट्रॉन उलट्या वाटेने ढकलले जातात आणि पहिल्या काही मिनिटांतच प्राणवायूच्या अतिक्रियाशील रेणूंचा लोंढा तयार होतो. बाहेरचे आम्ल वाहून गेल्यामुळे पेशीही आपल्यातले आम्ल घाईने बाहेर टाकते. त्याच्या बदल्यात सोडियम आत येते आणि ते सोडियम काढण्याच्या धडपडीत कॅल्शियम आत शिरते. आम्लाचा पहारा उठलेला, कॅल्शियम वाढलेले आणि ते दाहक रेणू मोकाट सुटलेले, अशा तिहेरी परिस्थितीत ते छिद्र उघडते, तंतुकणिका फुगतात आणि तोपर्यंत तग धरून राहिलेली पेशी मरते. वीज गेल्यावर जाणता विणकर आधी यंत्रमागाचे बटण बंद करतो, कारण वीज अचानक आली तर मध्येच अडकलेला धोटा ताण्याचे दोरे तोडून टाकतो. पेशीला असे बटण नाही.

पेशींबरोबर सूक्ष्म रक्तवाहिन्याही होरपळतात. त्यांना पांढऱ्या पेशी चिकटतात, भिंती झिरपू लागतात आणि कधी कधी मोठी वाहिनी उघडूनही आतल्या केशवाहिन्यांत रक्त पोहोचतच नाही. पोटरीचे स्नायू चिवट पडद्यांच्या कप्प्यांत बंदिस्त असल्याने झिरपलेल्या पाण्याचा दाब तेथे इतका वाढतो, की तो कमी करण्यासाठी काही वेळा तो पडदा चिरावा लागतो.

१९४१ मध्ये बायवॉटर्स आणि बील या संशोधकांनी लंडनमधील बॉम्बहल्ल्यांच्या ढिगाऱ्यांतून सुखरूप काढलेल्या, पण नंतर मूत्रपिंडे निकामी होऊन दगावलेल्या रुग्णांचे वर्णन केले. चिरडलेल्या स्नायूंतील पोटॅशियम आणि मायोग्लोबिन हे प्रथिन दाब हटताच रक्तात उतरते; पोटॅशियम हृदयाचा ठेका बिघडवते आणि मायोग्लोबिन मूत्रपिंडांत अडकते. दगडमातीच्या जड माळवदांच्या आपल्या भागाला ही माहिती परकी वाटू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपातील जखमी सोलापुरातही आणले गेले होते. ढिगाऱ्याखालचा माणूस ओढून काढण्याआधीच शक्य असल्यास शिरेतून सलाइन सुरू करतात, ते याचसाठी.

हृदयाबाबत १९६० मध्ये जेनिंग्ज आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवले, की रक्त परत सोडल्यावर पेशीमृत्यूची चिन्हे झपाट्याने उमटतात. १९८६ मध्ये त्याच गटाला उलट आशा दिसली: रक्तप्रवाहाच्या मोठ्या अडथळ्यापूर्वी पाच-पाच मिनिटांचे चार छोटे अडथळे दिले, तर नुकसान सुमारे एक चतुर्थांशावर आले. दुर्दैवाने हृदयविकाराचा झटका आधी कळवून येत नाही. तंतुकणिकांचे ते छिद्र बंद ठेवणारे सायक्लोस्पोरिन हे औषध २०१५ च्या मोठ्या चाचणीत उपयोगी ठरले नाही, आणि दंडाला पट्टा आवळून-सोडून हृदयाला सावध करण्याची युक्तीही २०१९ मध्ये पाच हजारांहून अधिक रुग्णांत निष्फळ ठरली. मला याची मनापासून खंत वाटते. पण यावरून वाहिनी उघडायला उशीर करावा, असा अर्थ कोणी काढू नये. बंद राहिलेल्या वाहिनीने होणारी हानी याहून कितीतरी मोठी असते. सर्पदंशात मात्र दोरी मुळात बांधायचीच नसते. अवयव न हलवता रुग्णाला तातडीने दवाखान्यात न्यायचे असते.

त्या रात्री रुग्णाच्या खाटेला लटकलेल्या पिशवीत लघवी कोऱ्या चहासारखी उतरत होती. परिचारिका तासातासाला ती मोजून लिहीत होती, सलाइन चालू होते आणि मॉनिटरवर हृदयाचा आलेख सरकत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पिशवीतला रंग फिका पिवळा झाला. पोटरीची सूज उतरायला पुढे बरेच दिवस लागले.