मांडवी ते मिऱ्या: एका फेरीमागचा इतिहास

मांडवीच्या धक्क्यावरून निघायचं, रत्नदुर्गाला वळसा घालायचा, मग भगवती बंदर, मिरकरवाडा, पांढरा समुद्र करत मिऱ्याच्या बंधाऱ्यापर्यंत जायचं आणि गावातून परत मांडवीला यायचं. रत्नागिरीतली ही फेरी कुणी आखलेली नाही. बंदराची एकेक गरज वेगळ्या काठाला गेली, तसतशी वाट लांबत गेली.

मांडवीची वाळू काळी, म्हणून तो काळा समुद्र. किल्ल्याच्या उत्तरेचा तो पांढरा. मधे समुद्रात घुसलेला डोंगर म्हणजे रत्नदुर्ग, आकाराने घोड्याच्या नालेसारखा, तीन बाजूंनी पाणी. बहामनी काळातला हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये घेतला. पुढे आंग्रे, पेशवे आणि १८१८ मध्ये इंग्रज.

गावाचं नशीब खरं पालटलं ते १८२२ मध्ये. इंग्रजांनी जिल्ह्याचं ठाणं बाणकोटहून इथे आणलं आणि कचेऱ्यांमागून वकील, कारकून, मास्तर आले. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला १८८६ मध्ये आणून ठेवलं तेही इथेच. त्याचा राजवाडा १९१० मध्ये उभा राहिला, भाट्याच्या खाडीकडे तोंड करून. सहा वर्षांनी तो इथेच वारला. पायऱ्यापायऱ्यांचं ते छप्पर कोकणी कौलांच्या गर्दीत आजही परकंच वाटतं.

जुन्या माणसांना मात्र मांडवी म्हटलं की राजा आठवत नाही, बोट आठवते. मुंबईची आगबोट बाहेर खोल पाण्यात नांगर टाकायची. चाकरमानी ट्रंका, वळकट्या, पोरंबाळं सांभाळत हेलकावणाऱ्या पडावात उतरायचे. बोट लागलेल्यांचे हाल विचारूच नयेत! पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे मुंबई तुटलीच. पुढे एस.टी. आली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. बोटी त्याआधीच थांबल्या होत्या.

मासेमारीचा गजबजाट आता मिरकरवाड्यात. नाक झाकून का होईना, तिथून जावंच. बंदर अजून जिवंत आहे ते तिथेच. तिथून पुढे पांढऱ्या समुद्राला लागलात की चित्र पालटतं. मिऱ्याचा किनारा दर पावसाळ्यात लाटा खातात. बंधारा बांधायचा, तो खचायचा, पुन्हा दगड टाकायचे, असं वर्षानुवर्षं चाललेलं. जून २०२० च्या निसर्ग वादळात ‘बसरा स्टार’ हे जहाज नांगर तुटून इथेच बंधाऱ्याला येऊन टेकलं. पुढची काही वर्षं ते तिथेच गंजत राहिलं आणि लोक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढत राहिले.