फॅन म्युझिक व्हिडिओ (बेळगाव सीमाभाग)

फॅन म्युझिक व्हिडिओ म्हणजे चित्रपट, मालिका, अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) किंवा खेळाच्या सामन्यांतली तयार दृश्ये कापून, एखाद्या गाण्यावर नव्याने जुळवून चाहत्याने हौसेने केलेली छोटी फिल्म. बोलण्यात तिला ‘एडिट’ म्हणतात. अर्ध्या मिनिटाच्या स्टेटसपासून पूर्ण गाण्यापर्यंत सगळे त्यात येते. दृश्य आणि गाणे दोन्ही दुसऱ्यांची असतात. करणाऱ्याची असते ती निवड, क्रम आणि वेळ. त्यामुळे या कामाचा निम्म्याहून मोठा भाग सॉफ्टवेअर उघडण्याआधीच होतो, आणि नवशिक्याचा पहिला व्हिडिओ बहुधा तिथेच फसतो.

अमेरिकेत १९७५ साली कँडी फाँग यांनी एका विज्ञानकथा मालिकेच्या स्लाइड गाण्यावर लावून चाहत्यांच्या मेळाव्यात दाखवल्या. या परंपरेची सुरुवात तिथून धरली जाते. १९८२ मध्ये जिम कापोश्टास यांनी दोन व्हीसीआर जोडून जपानी अ‍ॅनिमेशनवर असा व्हिडिओ केला. भारतात २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली, त्याच वर्षी रील्स आणि शॉर्ट्स सुरू झाले आणि उभी, छोटी चौकट रूढ झाली.

सीमाभागातील विशेष

बेळगाव शहर, खानापूर तालुका, निपाणी आणि भोवतालच्या गावांतला मराठी प्रेक्षक मराठी, हिंदी आणि कन्नड तिन्ही चित्रपट पाहतो. कन्नड नायकाची दृश्ये आणि मराठी गाणे, किंवा याच्या उलट, ही जोडी इथे सहज जमते. नवशिक्यासाठी ही मोठी सोय आहे, कारण दृश्यांचा साठा दुप्पट होतो. पण त्याची एक अडचणही आहे. गाण्याखाली मूळ संवाद ठेवला, तर फक्त मराठी जाणणारा माणूस कन्नड संवाद नुसता आवाज म्हणून ऐकतो आणि गाण्याकडे लक्ष ठेवतो. दोन्ही भाषा कळणाऱ्याला मात्र दोन्ही वाक्ये एकाच वेळी ऐकू येतात आणि एकही नीट पोचत नाही. म्हणून संवाद घ्यायचाच असेल तर तो अंतऱ्यांमधल्या वाद्यसंगीतात बसवावा आणि तेवढ्यापुरता गाण्याचा आवाज १२ ते १५ डेसिबलने खाली आणावा.

भाषा जुळली नाही तरी चालते, अर्थ जुळावा लागतो. ‘पाऊस’ या शब्दावर पाऊस दाखवणे ही पहिली पायरी. शब्द वाट पाहण्याचे असताना रिकामा प्लॅटफॉर्म किंवा वळून पाहिलेली मान दाखवणे ही त्यापुढची, आणि व्हिडिओ लोकांच्या लक्षात राहतो तो तिच्यामुळे.

गाणे

पहिल्या प्रयत्नासाठी साडेचार मिनिटांचे गाणे घेऊ नये. सुरुवातीचे संगीत, मुखडा आणि एक अंतरा मिळून ६० ते ९० सेकंद पुरेत. सरासरी अडीच सेकंदांचा एक तुकडा धरला तर ९० सेकंदांना ३६ तुकडे लागतात. निवडीला वाव हवा म्हणून त्याच्या तिप्पट, म्हणजे शंभरावर तुकडे जमवावे लागतात. पूर्ण गाण्याला हा आकडा सव्वातीनशेच्या घरात जातो आणि काम अर्धवट सुटते.

गाणे आधी कागदावर उतरवावे. चार रकाने आखावेत: वेळ, शब्द, वाद्यांत काय घडते, आणि मनात येणारे दृश्य. ढोलकी कुठे सुरू होते, कुठे सगळे थांबून एकटा आवाज उरतो, तान कुठे संपते या जागा लाल शाईने खुणावून ठेवाव्यात. सबंध व्हिडिओ या चार-पाच जागांवर उभा राहतो.

लयीचे गणित सोपे आहे. मिनिटाला १२० ठोके असतील तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे टाइमलाइनवर (तुकडे ओळीने मांडायच्या पट्टीवर) सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रे, असतील तर १२ फ्रेम. मिनिटाला १०० ठोके आणि २५ फ्रेम असतील तर एका ठोक्याला १५ फ्रेम. मात्र १२० ठोक्यांचे गाणे २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर घेतले, तर ठोका साडेबारा फ्रेमचा होतो आणि अर्धी फ्रेम कापता येत नाही. तिथे आलटून पालटून १२ आणि १३ फ्रेम घ्याव्यात, नाहीतर कट हळूहळू ठोक्यापासून सरकत जातात.

आजची बहुतेक चित्रपटगीते यांत्रिक ठेक्यावर ध्वनिमुद्रित होतात, त्यामुळे ठोके आपोआप शोधणारी सोय त्यांना चालते. जुनी गाणी, भजने आणि ढोल-ताशाचे प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण यांची लय वादकाच्या हाताबरोबर किंचित चढते-उतरते. तिथे प्रत्येक खूण कानानेच टाकावी लागते. तालाकडेही लक्ष हवे. केहरवा आठ मात्रांचा, त्यात चाराच्या हिशेबाने टाकलेले कट बसतात. दादरा सहा मात्रांचा. त्यात दर चार मात्रांनी कट टाकले तर दुसऱ्या आवर्तनाची, म्हणजे तालाच्या दुसऱ्या फेरीची, सम (पहिली मात्रा) रिकामी जाते आणि कट पुन्हा समेवर येतो तो थेट तिसऱ्या आवर्तनात. प्रेक्षकाला ताल शिकलेला असण्याची गरज नसते, काहीतरी चुकल्याचे त्याला बरोबर जाणवते. दादऱ्यात तीन किंवा सहा मात्रांचा हिशेब ठेवावा आणि मोठा कट समेसाठी राखावा.

दृश्ये जमवणे

मिळेल ती सर्वांत स्वच्छ प्रत घ्यावी. कोपऱ्यात वाहिनीचा लोगो किंवा खाली जाळून बसवलेली सबटायटल असलेली प्रत टाळावी. लोगो घालवायला चित्र मोठे केले की कडा जातात आणि धूसरपणा वाढतो. दोन तासांचा चित्रपट सेकंदाला ८ मेगाबिट या दराने सुमारे ७.२ जीबी होतो, तेव्हा तीन चित्रपट घेणाऱ्याने ५० जीबी तरी जागा मोकळी ठेवावी.

प्रत्येक फाइलचा फ्रेमदर (सेकंदाला किती फ्रेम) मीडियाइन्फोसारख्या मोफत साधनात पाहून घ्यावा. चित्रपट आणि अ‍ॅनिमे बहुधा २३.९७६ किंवा २४, दूरचित्रवाणीचे जुने चित्रण २५, फोनचे ३० किंवा ६०. चोवीसची दृश्ये तीसच्या टाइमलाइनवर टाकली की दर चार फ्रेममागे एक फ्रेम दोनदा दिसते आणि संथ सरकणारा कॅमेरा अडखळू लागतो. ज्या दराची दृश्ये जास्त, तोच दर टाइमलाइनला द्यावा, आणि तोही पहिली फाइल आत घेण्याआधी. डाविंची रिझॉल्व्हमध्ये एकदा फाइल आत आली की प्रकल्पाचा हा दर बदलता येत नाही.

तुकडे कापताना त्यांची नावे प्रसंगावरून न देता त्यांत काय दिसते यावरून द्यावीत: डोळे, वळणे, धावणे, दार, पाणी, हात. गाण्याला ‘मारामारीचा तिसरा प्रसंग’ नको असतो, डावीकडून उजवीकडे जाणारी हालचाल हवी असते. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना अर्धा सेकंद जादा ठेवावा, पुढेमागे सरकवायला तो लागतोच.

जुळवणी

संगणकावर डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती, केडेनलाइव्ह किंवा शॉटकट, आणि फोनवर काइनमास्टर किंवा व्हीएन यांपैकी काहीही चालते. संगणक जुना असेल तर मूळ फाइलऐवजी तिची ७२० पिक्सेलची हलकी प्रत, म्हणजे प्रॉक्सी, वापरून काम करावे आणि शेवटी मूळ फाइल जोडावी. आपोआप सेव्ह होण्याची मुदत पाच मिनिटांवर आणून ठेवावी, वीज कधीही जाते.

ब्लूटूथ इअरफोन लावून कट जुळवू नयेत. त्यात आवाज उशिरा पोचतो. हा उशीर ०.२ सेकंद धरला तरी २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर पाच फ्रेमची चूक होते. करणाऱ्याला सगळे बरोबर भासते, आणि तोच व्हिडिओ स्पीकरवर लावला की प्रत्येक कट मागे पडलेला असतो. ‘घरी जुळत होते, इथे जुळत नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असते. साधा वायरचा इअरफोन पुरतो.

आधी लाल शाईच्या जागा भराव्यात: सुरुवात, ठेका उसळतो ती जागा, शांत जागा, शेवट. मग मधली भर. सुरुवातीपासून क्रमाने भरत गेले की चांगली दृश्ये पहिल्या वीस सेकंदांत संपतात.

प्रत्येक ठोक्याला कट देणे हा नवशिक्याचा ठरलेला मोह. दहा सेकंदांत डोळा त्याला सरावतो आणि पुढचा जोरकस ठोका वाया जातो. काही ठोके दृश्याच्या आतल्या हालचालीवर सोडावेत. पाय जमिनीवर आपटतो, दार बंद होते, चेंडू हातात बसतो, ती फ्रेम नेमकी ठोक्यावर आणावी आणि कट दुसरीकडे घ्यावा. कट ठोक्याच्या एक-दोन फ्रेम आधी पडला तरी बरोबर वाटतो, नंतर पडला की लगेच खटकतो.

पात्र बोलत असल्याचे दृश्य गाण्यावर ठेवणे ही दुसरी चूक. ओठ हलतात, आवाज गायकाचा येतो. कन्नड आणि मराठी दोन्ही जाणणारा प्रेक्षक ओठांवरून शब्द ओळखतो, त्यामुळे इथे ती जास्तच बोचते. संवाद सुरू होण्याआधीचा श्वास किंवा संपल्यानंतरची नजर घ्यावी. समोरच्याचा ऐकणारा चेहरा तर बहुतेक वेळा बोलणाऱ्यापेक्षा जास्त सांगतो.

चोवीस फ्रेमचे दृश्य निम्म्या वेगाने चालवले की सेकंदाला फक्त बारा वेगळी चित्रे उरतात. मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरकडून भरून घेतल्या तर वेगाने हलणारे हात आणि टिपऱ्या वितळल्यासारख्या दिसतात. चकाकी, हादरे, फिरती ट्रांझिशन हे सगळे कट बसल्यावर पाहावे. पहिल्या व्हिडिओत साधा कट आणि दोन-तीन डिझॉल्व्ह (एक दृश्य विरत दुसरे उमटणे) पुरेसे असतात.

उभी चौकट

१९२० बाय १०८० च्या आडव्या चित्रातून उभी चौकट काढताना रुंदी जेमतेम ६०८ पिक्सेल मिळते आणि ती पावणेदोन पटीहून जास्त ताणावी लागते. म्हणून उभ्या व्हिडिओसाठी चेहऱ्याजवळची दृश्ये निवडावीत. दोन पात्रे दोन कडांना असलेले दृश्य इथे निरुपयोगी. जुन्या चित्रपटांची ४:३ चौकट रुंद करून ताणू नये, माणसे फुगतात.

अक्षरे

देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिप्यांत अक्षरे जोडली जातात, वरखाली बसतात. जुन्या किंवा साध्या अ‍ॅपमध्ये ‘शक्ती’तला जोड तुटतो, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाते, रफार भलतीकडे बसतो, कन्नडचे ओत्ताक्षर (अक्षराखाली बसणारे जोडव्यंजन) शेजारी येऊन पडते. दोष बहुधा फाँटचा नसतो, अक्षरे रचणाऱ्या यंत्रणेचा असतो. प्रीमियर आणि आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरच्या काही आवृत्त्यांत सेटिंगमधून दक्षिण आशियाई टेक्स्ट इंजिन निवडावे लागते. जिथे तशी सोय नाही, तिथे इंकस्केपसारख्या साधनात शब्द लिहून पारदर्शक पीएनजी चित्र काढावे आणि ते व्हिडिओवर ठेवावे. मुक्ता, बालू आणि नोटो हे मोफत देवनागरी फाँट पडद्यावर स्वच्छ वाचता येतात. बालू आणि नोटोचे कन्नड भाऊबंदही आहेत, त्यामुळे दोन लिप्यांतली नावे एकाच वळणाची दिसतात. रीलमध्ये खालचा भाग आणि उजवी कड अ‍ॅपच्या बटणांखाली जाते, तिथे शब्द ठेवू नयेत.

मिरवणुकीचे चित्रण मिसळताना

बेळगावात वैशाखात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक निघते. तिचे आणि गणेशोत्सवाचे फोनवर घेतलेले चित्रण अनेकजण ऐतिहासिक चित्रपटांच्या दृश्यांत मिसळतात. येळ्ळूरचा राजहंसगडही अशा व्हिडिओंत शोभतो. हे मिश्रण फार देखणे होऊ शकते, पण तीन गोष्टी आधी पाहाव्या लागतात. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने दिव्यांखाली चित्र लुकलुकते. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवले की बरेचसे थांबते. फोन फ्रेमदर कमीजास्त करत राहतो आणि लांब चित्रणात आवाज चित्रापासून सुटत जातो. अशी फाइल आधी हँडब्रेकमध्ये स्थिर फ्रेमदरावर बदलून घ्यावी. आणि ढोलाच्या अगदी पुढ्यात उभे राहून घेतलेला आवाज फाटतो. फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही, म्हणून पथकापासून थोडे दूर राहून वेगळ्या फोनवर नुसता आवाज घ्यावा.

एक्स्पोर्ट

१०८० पिक्सेल, एच.२६४ (चित्र दाबून साठवण्याची पद्धत), २४ ते ३० फ्रेमला सेकंदाला ८ ते १२ मेगाबिट, आवाज ४८ किलोहर्ट्झ एएसी (आवाज दाबून साठवण्याची पद्धत). दीड मिनिटाचा व्हिडिओ १२ मेगाबिटला सुमारे १३५ एमबी होतो. आवाजाचे शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. यूट्यूब फार मोठा आवाज स्वतःच खाली आणतो, त्यामुळे आवाज दाबून मोठा केल्याने हाती काही लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, नाहीतर चित्र पुन्हा दाबले जाते. टाकण्याआधी एकदा आवाज बंद करून पाहावा, आणि मूळ चित्रपट न पाहिलेल्या कुणाला तरी दाखवावा. त्याला जिथे कळत नाही, तिथे दृश्य बदलावे.

कायदा आणि हरकती

प्रताधिकार अधिनियम १९५७ च्या कलम ५२ मध्ये खासगी वापर, टीका किंवा समीक्षण, आणि चालू घडामोडींचे वृत्तांकन यांसाठी सवलत आहे. चाहत्यांच्या व्हिडिओचा तिथे वेगळा उल्लेख नाही. चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांचा हक्क प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे चालतो. १९६० साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटाचा तो ३१ डिसेंबर २०२० ला संपला. पण गीतकार आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, म्हणून जुना चित्रपट मोकळा झाला तरी त्यातले गाणे मोकळे झाले असे समजू नये.

यूट्यूबवर कंटेंट आयडी ही आपोआप तपासणारी यंत्रणा गाणे ओळखते आणि हक्कदाराचा दावा लागतो. दाव्यात बहुधा जाहिरातीचे पैसे हक्कदाराला जातात किंवा काही देशांत व्हिडिओ दिसत नाही. चॅनेलला धोका नसतो. स्ट्राइक, म्हणजे हक्कभंगाच्या तक्रारीवरून चॅनेलला मिळणारी ताकीद, ही वेगळी गोष्ट आहे, ९० दिवसांत तीन आल्या तर चॅनेल बंद होऊ शकते. व्हिडिओ आधी ‘प्रायव्हेट’ ठेवून चढवला तर तपासणीत दावा आधीच दिसतो आणि गाणे बदलायला वेळ मिळतो. दावा चुकवायला चित्र आरशासारखे उलटवणे किंवा गाण्याची पट्टी चढवणे करू नये. पाट्यांवरची अक्षरे उलटी होतात, तलवार डाव्या हातात जाते, गायकाचा आवाज चिरका होतो, आणि ओळख तरीही बऱ्याचदा पटतेच. वर्णनात चित्रपट, गायक, गीतकार आणि संगीतकार यांची नावे द्यावीत. त्याने कायदेशीर परवानगी मिळत नाही, पण ज्यांच्या कामावर आपला व्हिडिओ उभा आहे त्यांचे ते देणे आहे.